अक्रोड निवडण्यास पात्र

आपल्याला अक्रोड निवडता येतात, ही गोष्ट लेस्टर डोंबेकला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सरकारकडून कळली.

तोवर त्याची समजूत अशी, की आपल्याच्याने आता काहीच होत नाही. उमेदीची सगळी वर्षं ओतकामाच्या कारखान्यात लोखंडी साचे उचलण्यात गेली होती, आणि शेवटी पाठीने हात टेकले होते. दोन शस्त्रक्रिया झाल्या. पहिलीने काही फरक पडला नाही. दुसरीने पडला, पण नको त्या दिशेला. फार वेळ बसलं की कमरेतून कळ निघायची, म्हणून उभं राहिलं की ती डाव्या पायात उतरायची, आणि तिला चुकवायला चालायला लागलं की तीही सोबत निघायची. म्हणून त्याने अपंगत्व भत्त्यासाठी अर्ज केला. सरकारी खात्याने तो नाकारला. ‘पुन्हा एकदा नीट बघा’ असा अर्ज केला. त्याच खात्याने पुन्हा एकदा नीट बघून नाकारला. मग सुनावणी झाली. न्यायाधीश लीच हेही खात्याचेच. सुनावणीला फोनवरून एक नोकरीतज्ज्ञ हजर होते. त्यांनी लेस्टरला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि आवाजावरून त्यांची तशी इच्छाही दिसत नव्हती.

"या गृहस्थांना जुनं काम झेपणार नाही," ते म्हणाले, "पण अक्रोड निवडण्याचं काम ते करू शकतील. चांगले डावीकडे, किडके उजवीकडे. देशात अशा हजारो जागा आहेत."

लेस्टरला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. तो हसलादेखील. ते हसणं पुढे निकालपत्रात आलं: ‘सुनावणीच्या वेळी अर्जदार प्रसन्न दिसत होता.’

निकालपत्र रोझलीने, म्हणजे त्याच्या बायकोने, स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. ती शाळेच्या भोजनगृहात काम करायची आणि तिथून आल्यावर तासभर तरी तिला बसायची सवय नव्हती.

"‘अर्जदार स्वयंपाक करतो,’" तिने वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "कोण अर्जदार?"

"मीच."

"तू स्वयंपाक करतोस?"

"डब्यातलं सूप गरम करतो कधीमधी."

"कधी?"

"तू कामावर असतेस तेव्हा."

"म्हणजे तुला शेगडी पेटवता येते," रोझली सावकाश म्हणाली. "मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा मी उठून तुला अंडी तळून घालत होते, लेस्टर. आणि तू सरकारला सांगितलंस, मला नाही."

त्या दिवशी भत्ता नाकारल्याचं दुःख बाजूला राहिलं. रोझली दोन दिवस त्याच्याकडे अशा नजरेने बघत होती, की याने आणखी काय काय लपवलं असेल कोण जाणे. केक? पिएरोगीच्या करंज्या?

खरं कारण साधं होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. अर्जात रकाने होते: स्वयंपाक करता का, प्राण्यांची देखभाल करता का, घराबाहेर जाता का. सगळीकडे ‘नाही, नाही, नाही’ लिहायचं लेस्टरच्या जिवावर आलं. माणूस एवढा संपला का? म्हणून सुपाच्या जोरावर त्याने ‘स्वयंपाक: हो’ लिहिलं. शेजारी गावाला गेला असताना त्याच्या मांजरीपुढे एकदा डबा उघडून ठेवला होता, तेवढ्यावर ‘प्राणी: हो’. चर्चला दर रविवारी जायचा, तिथेही ‘हो’. खात्याने या तीन होकारांची मोळी बांधली आणि त्याच्याच पाठीत घातली. ‘अर्जदार स्वयंपाक करतो, प्राणी सांभाळतो, व प्रार्थनेस तासभर बसू शकतो.’ लेस्टर चर्चमध्ये बसत नसे. तो मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा, आणि हे त्याने सुनावणीत सांगितलंही होतं. पण हसणं जेवढं ठळक ऐकू गेलं, तेवढं हे गेलं नसावं.

मांजरवाला शेजारी वेंडेल हास हा निवृत्त पोस्टमन. उभी हयात लोकांची पत्रं वाटल्यामुळे, पाकिटात काय आहे ते बाहेरून ओळखता येतं असा त्याचा दावा होता, आणि माणसांच्या बाबतीतही तो तीच पद्धत वापरायचा. निकालपत्र त्याने हातात धरून नुसतं तोललं.

"यांना तू हसलास हे कळलं," तो म्हणाला. "सूप कळलं. मांजर कळली. लेस्टर, तुझ्यावर नजर आहे."

"अरे, मीच लिहून दिलं होतं."

"तेवढंच तुला वाटतं. समोर बघ. ती करडी गाडी कोणाची?"

रस्त्याच्या पलीकडे, मेपलच्या झाडाखाली, एक करडी गाडी उभी होती. काचांवर वाफ धरली होती. आत ड्रायव्हरच्या जागेवर एक डोकं दिसत होतं, टोपीसकट. ते हलत नव्हतं.

"रोज सकाळी येते," वेंडेल पडदा सोडत म्हणाला. "दुपारी जाते. सरकारी कामाची वेळ."

त्या क्षणापासून लेस्टरचं आयुष्य रंगभूमीवर गेलं. बर्फ झाडायचं नाही, हे ठरलंच. पण पायऱ्या उतरायच्या त्याही विचार करून. दुखतंय ते दिसलं पाहिजे, पण दाखवतोय असं दिसता कामा नये. वेंडेल खिडकीतून खुणा करायचा: हळू, जरा थांब, आता कठडा धर. छडीचा प्रश्न आणखी नाजूक होता. निकालपत्रात म्हटलं होतं, की ‘छडी डॉक्टरांनी लिहून दिलेली नाही’, त्यामुळे छडी घ्यावी तर ढोंग, न घ्यावी तर पाय ठणठणीत. लेस्टर ती काखेत धरून चालायला लागला. एकदा चर्चला जाताना त्याच्या लक्षात आलं, की आपण आज उजव्या पायाने लंगडतोय. काल डावा होता. तो गल्लीच्या तोंडाशी घाम फुटून उभा राहिला, आणि मग दोन्ही पायांनी लंगडत परत आला. त्या रविवारी चर्च बुडलं.

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळायचे, तिथे जाणंही त्याने सोडलं. तिथे सगळे विचारायचे, "काय लेस्टर, कसं काय?" ‘बरं आहे’ म्हणावं तर कोणी ऐकलं तर? ‘बरं नाही’ म्हणावं तर डिक सोबीएराज लगेच म्हणायचा, "पण दिसतोस तर छान!" हे छान दिसणं लेस्टरला आता शत्रूचं काम वाटायला लागलं होतं.

दरम्यान वरच्या समितीकडे अपील झालं. समितीने कळवलं की वाचलं, आणि बदलावंसं काही वाटत नाही. आता उरलं होतं कोर्ट. रोझलीच्या भोजनगृहातल्या कोणीतरी एक वकील सुचवली. ट्रूडी ओल्शान तिचं नाव. चपला-बूट शिवणाऱ्याच्या दुकानावरती तिची कचेरी होती, आणि ती बोलता बोलता कच्ची गाजरं खायची. जिंकलो तरच पैसे घेईन, म्हणाली. लेस्टरचा संशय तिथेच जागा झाला. जगात असं कोण करतं?

"आता फेडरल कोर्ट," ट्रूडी म्हणाली. "डोंबेक विरुद्ध खात्याचे आयुक्त."

लेस्टर ताठ बसला, आणि कळ आल्यामुळे लगेच वाकडा झाला. पण मनात तो ताठच होता. डोंबेक विरुद्ध सरकार! उंच छताचं कोर्ट, काळा झगा, बायबलवर हात. मेव्हण्याच्या अंत्यविधीला शिवलेला सूट अजून होत होता.

"मी बोलायचं कधी?" त्याने विचारलं.

"कोणी?"

"मी."

"तुम्ही नाही बोलायचं, मिस्टर डोंबेक. तुम्ही यायचंही नाही. साक्षी नाहीत, नवा पुरावा नाही. न्यायाधीश खात्याची फाइल वाचतील, माझं लेखी म्हणणं वाचतील, खात्याच्या वकिलाचं वाचतील, आणि लिहून निकाल देतील."

"मला न बघता?"

"न बघता."

"मग माझी पाठ दुखते हे त्यांना कळणार कसं?"

"तुमची पाठ दुखते का, हे कोर्ट ठरवतच नाही. खात्याने जे ठरवलं त्याला पुरेसा आधार होता का, एवढंच बघतं."

लेस्टरने जरा विचार केला. "म्हणजे निर्णय चुकीचा, पण आधार पुरेसा, असं होऊ शकतं?"

"होतं ना. कितीदा तरी होतं." गाजर कडकन मोडलं.

बाहेर आल्यावर तो रोझलीला म्हणाला, "ही त्यांचीच आहे."

"कोणाची?"

"खात्याची. मला कोर्टापासून लांब ठेवते बघ."

"लेस्टर, ती पोरगी फाटक्या कोपराचा स्वेटर घालते. खात्याची असती तर नवा नसता का?"

पण फाटक्या कोपरामुळे संशय कमी होतो असं थोडंच आहे?

वेंडेलने मात्र त्याची बाजू उचलून धरली. "नवा पुरावा चालत नाही असं ती म्हणणारच," तो म्हणाला. "तू अक्रोड निवडायची नोकरी मागायला जा. नाही मिळाली, की झालं! न्यायाधीशाला सरळ पत्र टाकू. पत्र पोहोचवायचं काम माझं."

"आणि मिळाली तर?" रोझली सिंकपाशी उभी होती.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. हा विचार त्यांच्या डोक्यात आला नव्हता. लेस्टरने मग तो डोक्याबाहेर घालवला.

गावाबाहेर कोव्हाच बंधूंचा सुक्या मेव्याचा कारखाना होता. वेंडेलच्या गाडीत मागच्या सीटवर आडवा होऊन लेस्टर तिथे पोहोचला. दोघांनी सूट घातले होते. लेस्टरने नोकरीसाठी, वेंडेलने साक्षीदार म्हणून. दारात पांढरी टोपी घातलेल्या मिसेस कोव्हाच आल्या. दोन म्हातारे, दोन काळे सूट, एक हिंडून नुसतं बघतोय, दुसरा काखेत छडी धरून उभा.

"कोणाकडून आलात?" त्यांनी विचारलं.

लेस्टर आता कोणालाच काही सरळ सांगत नसे. "ते आम्हाला सांगता येणार नाही," तो म्हणाला.

मिसेस कोव्हाच यांचा चेहरा टोपीच्या रंगाचा झाला. "या ना, या, आत या. कॉफी घेणार? सगळं बघा. लपवण्यासारखं काही नाही इथे."

"अक्रोड निवडतात कुठे?" वेंडेलने दरडावलं.

त्यांनी एका यंत्रापुढे नेलं. वरून अक्रोडांचा धबधबा कोसळत होता, मध्ये एक निळा दिवा होता, आणि अधूनमधून फुस्स असा आवाज होऊन एखादा अक्रोड बाजूला उडत होता. "यंत्राचा डोळा बघतो आणि किडका फुंकरीने उडवतो," त्या म्हणाल्या.

"आणि माणूस?"

"माणूस हात लावत नाही! हातमोजे घालूनसुद्धा नाही! हाताने निवडणाऱ्या शेवटच्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गेल्या आणि हे आणलं."

"तुम्ही एखाद्या माणसाला ठेवाल का? निवडायला?"

"शपथेवर सांगते, नाही ठेवणार," मिसेस कोव्हाच म्हणाल्या, आणि निघताना त्यांनी वेंडेलच्या गाडीत अक्रोडांचं एक भलंमोठं पोतं आग्रहाने टाकायला लावलं. "घरच्यांसाठी. आणि मागच्या तपासणीतलं ते उंदराचं, ते मिटलंय बरं का."

परतताना दोघे विजयी वीरांच्या थाटात होते. वेंडेलने पोतं लेस्टरच्या व्हरांड्यात उतरवलं आणि त्याची बोलिंगची वेळ झाली म्हणून तो गेला. रोझली कामावर होती. लेस्टर दार उघडायला वळला आणि त्याला झाडाखाली करडी गाडी दिसली.

तो पोत्याकडे बघत राहिला. हे उचललं की संपलं. ‘अर्जदार पोती वाहतो.’ नुसतं शेजारी उभं राहिलं तरी फोटोत वाईटच दिसणार. तो आत गेला आणि पडद्याआडून पुराव्यावर पहारा द्यायला लागला.

थोड्या वेळाने एक खार आली. मग तिच्या ओळखीतल्या दोन आल्या. पोत्याच्या कोपऱ्याला भोक पडलं. एक खार अक्रोड घ्यायची, हुंगायची, कानाशी धरल्यासारखं करायची, आणि मग एक तर पळवायची किंवा टाकून द्यायची. चांगले झाडावर, किडके पायरीवर. थोड्याच वेळात व्हरांड्यात एवढी गर्दी झाली, की नोकरीतज्ज्ञांनी सांगितलेल्या त्या हजारो जागा भरत आल्यासारखं वाटलं.

"ए! पुरावा आहे तो!" लेस्टर छडी घेऊन बाहेर धावला. धावला म्हणजे त्याच्या मानाने. त्याने छडीने पोतं आत ढकलायचा प्रयत्न केला. पोतं फाटलं, आणि अक्रोड खडखडत बर्फाळ पायऱ्यांवरून रस्त्यावर गेले. खारी झाडावर चढून शिव्या द्यायला लागल्या. आणि हे सगळं, अगदी सगळं, तो टोपीवाला शांतपणे बघत होता.

लेस्टरचं डोकं फिरलं. इतके दिवस चोरासारखं जगणं, मासे सुटले, चर्च सुटलं, स्वतःच्या घराच्या पायऱ्या मोजून मापून उतरणं! तो तडक गाडीकडे निघाला. कोणता पाय लंगडतोय याचाही विचार केला नाही. रस्ता जवळजवळ ओलांडून झाला होता, तेवढ्यात पायाखाली एक अक्रोड आला. तो पडला नाही, पण न पडण्यासाठी पाठीला जो हिसका बसला, तो पडण्यापेक्षा वाईट होता. कमरेत कुलूप लागल्यासारखं झालं. तो गाडीच्या बॉनेटवर पालथा झाला आणि तसाच राहिला. थंड पत्र्यावर गाल, डोळ्यांत पाणी. काचेपलीकडे हातभर अंतरावर तो चेहरा होता.

तोंड उघडं होतं. डोळे मिटलेले होते. घोरण्याने काच धुरकट होत होती.

लेस्टर बराच वेळ त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिला. दुसरं काही करणं शक्यही नव्हतं. मग त्याने बोटाने काचेवर टकटक केलं. आतला तरुण दचकून जागा झाला, बॉनेटवर माणूस बघून किंचाळला, आणि टोपी काढून बाहेर आला.

"काढतो, साहेब, गाडी काढतो! पोलिसांना नका बोलावू!"

"तू कोणाचा माणूस?" लेस्टर पत्र्याला म्हणाला.

"कोणाचा म्हणजे? मार्विन टिब्स मी. मासळीच्या शीतगृहात रात्रपाळी असते. घरी जुळं झालंय हो. एक झोपलं की दुसरं उठतं. तुमची गल्ली शांत वाटली म्हणून..."

"म्हणजे तू मला बघत नव्हतास?"

"आता बघतोय."

"आधी! पायऱ्या उतरताना? कचऱ्याचा डबा ठेवताना?"

"नाही हो."

"चर्चला जाताना? छडी होती माझ्याजवळ."

"माफ करा, साहेब," मार्विन खरोखर वरमून म्हणाला. "मी झोपलेलो असायचो."

लेस्टरला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला वाटला तो अपमान. गेल्या मंगळवारी कठडा धरून तो जे थांबला होता, ते काही वाईट नव्हतं.

मार्विनने त्याला जवळजवळ उचलूनच घरात आणलं आणि सोफ्यावर ठेवलं. शीतगृहात मासळीच्या पेट्या उचलणारे हात होते ते. रोझली आली, तिने सगळं ऐकलं, मार्विनला सूप दिलं, आणि रोज गाडीत झोपण्यापेक्षा मागच्या खोलीत झोपत जा, तिथे कोणी येत नाही, असं सांगून टाकलं. ती हसली नाही. त्यामुळे लेस्टर आणखी घाबरला.

मार्विन गेल्यावर तो छताकडे बघत म्हणाला, "रोझली, एक विचारू?"

"विचार."

"माझी पाठ खरंच दुखते ना?"

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"इतके दिवस नाटक केलं," तो म्हणाला. "आता माझं मलाच कळेनासं झालंय. कळ आली की वाटतं, ही खरी की ही दाखवायची. वाटतं, त्यांचंच बरोबर असेल. मी आळशी असेन. नुसता एक आळशी माणूस, अक्रोडसुद्धा न निवडणारा."

"तू झोपेत कण्हतोस," रोझली म्हणाली. "दर कुशीला. मी जागी असते, मला माहीत आहे. झोपेत कोण नाटक करतं, लेस्टर? आणि केलंस तरी कोणासाठी? मी तर तुला आधीच पास केलंय."

न्यायाधीशाला पत्र काही गेलं नाही. पोत्याचे उरलेले अक्रोड रोझलीने पोटिका नावाच्या केकमध्ये घातले, आणि अर्जदाराला शेगडी पेटवता येते हे सिद्ध झालेलं असल्यामुळे अक्रोड फोडायचं काम त्याला दिलं. सोफ्यावर आडवं पडून, थांबत थांबत. त्याने फोडलेल्यांत बरेचसे किडके निघाले.

कोर्टाचा निकाल यायला पुढचा उन्हाळा उजाडला. ट्रूडी स्वतः घरी आली. तिच्या हातात गाजर नव्हतं, यावरून लेस्टरने ओळखलं की हरलो.

"न्यायाधीश बाईंनी काय लिहिलंय ते ऐका," ती म्हणाली आणि वाचायला लागली. "‘मांजरीपुढे डबा उघडून ठेवणे आणि आठ तासांची नोकरी करणे यांत अंतर आहे. ते खात्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही. सूप गरम करण्याबद्दलही तेच. अर्जदाराने सांगितले होते, की चर्चमध्ये तो मागच्या भिंतीला टेकून उभा राहतो. निकालपत्रात याचा उल्लेखही नाही. उलट तो बसतो असे लिहिले आहे. हजारो जागा कुठून मोजल्या, हे तज्ज्ञांना विचारण्यात आलेले नाही. अशा पायावर निर्णय उभा राहू शकत नाही.’"



"ते भिंतीचं पुन्हा वाचा," लेस्टर म्हणाला.

ट्रूडीने वाचलं.

"या बाईंनी मला पाहिलेलं नाही?"

"कधीच नाही."

"मग कुठल्या चर्चला जातात या?"

"मिस्टर डोंबेक, त्यांनी फाइल वाचली. सगळी. ओळ न् ओळ."

लेस्टरने मान खाली घातली. आपण बोललो होतो ते कुठेतरी पोहोचलं होतं. एवढ्या दूर, एका न पाहिलेल्या बाईच्या टेबलावर. त्याने नाक शिंकरलं आणि मग त्याच्या स्वभावाने पुन्हा उचल खाल्ली. "म्हणजे जिंकलो?"

"जिंकलो."

"भत्ता सुरू?"

"नाही. जिंकलो म्हणजे कोर्टाने खात्याचा निर्णय रद्द केला, आणि नव्याने सुनावणी घ्या म्हणून प्रकरण परत पाठवलं."

"कोणाकडे?"

ट्रूडीने पिशवीतून गाजर काढलं. "खात्याकडे."

सुनावणीला पुन्हा लीचच होते. सकाळी वेंडेल दारात येऊन सूचना देऊन गेला: आत शिरताना चौकट धर, विव्हळ, पण वरच्या पट्टीत नको. "वेंडेल," लेस्टर म्हणाला, "तू आता पत्रं वाटायला जा." छडी त्याने हातात धरली, चालायला लागते म्हणून. वाटेत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मान वळवली की दुखायची, हेही कारण होतंच.

लीच यांनी प्रश्न विचारले. या वेळी लेस्टरने फुशारकी मारली नाही आणि रडगाणंही गायलं नाही. किती वेळ बसता? आता उठावंसं वाटतंय, एवढा वेळ. स्वयंपाक करता? बायको विचारते तेव्हा नाही. मग फोनवरचे नवे तज्ज्ञ बोलायला लागले. हा आवाज पहिल्यापेक्षा उत्साही होता.

"अक्रोड सोडून देऊ," तज्ज्ञ म्हणाले. "यांना कॅमेऱ्याच्या पडद्यांपुढचा पहारेकरी होता येईल. खुर्चीत बसून नुसतं लोकांवर लक्ष ठेवायचं."

"त्याचा मला अनुभव..." लेस्टर बोलून गेला, तोच टेबलाखालून ट्रूडीने त्याच्या बुटावर पाय दिला.

तज्ज्ञ पुढे सांगत राहिले. कागदपत्रं जुळवणारा. तिकिटं तपासणारा. लेस्टरने डाव्या कुल्ल्यावर भार घेतला, मग उजव्या. उभा राहिला. टेबलाला टेकला. पुन्हा बसला. कपाळावर घाम आला तो त्याने पुसला, कोणाला दिसू नये म्हणून. शेवटी त्याचे ओठ पांढरे पडले.

"साहेब," तो म्हणाला, "माझी काही तक्रार नाही. तुमचं चालू द्या. मी फक्त जरा आडवा होतो."

आणि तो खुर्ची सरकवून गालिच्यावर उताणा झाला. सूट, टाय, सगळ्यासकट. टेबलावरून तो दिसेनासा झाला.

"…बटणं लावणारा," फोन म्हणत होता, "लेबलं चिकटवणारा…"

न्यायाधीश लीच उठले आणि टेबलावरून वाकून त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या कानाला लावलेलं पेन खाली पडलं, ते लेस्टरच्या छातीवर.

"मिस्टर डोंबेक, ऐकू येतंय ना तिथून?"

"स्पष्ट, साहेब."

लीच फोनकडे वळले. "एक सांगा. तुम्ही म्हणता त्या सगळ्या नोकऱ्यांत, कामगाराने कामाच्या मध्येच जमिनीवर आडवं झालेलं चालतं का?"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"नाही, साहेब."

"एकाही नोकरीत?"

"एकाही नाही."

"देशात?"

"देशात."

लीच खाली बसले आणि काहीतरी लिहायला लागले. पेन नसल्यामुळे ट्रूडीचं घेतलं. ट्रूडी वाकून हळूच म्हणाली, "उठायचं का?" लेस्टरने नकारार्थी मान हलवली. वर पांढरं छत होतं, खोलीत सगळ्यांच्या नजरा कुठे आहेत ते खालून दिसत नव्हतं, आणि ते बघायची त्याला गरजही वाटली नाही. सुनावणी संपेपर्यंत तो तसाच पडून राहिला.

मंजुरीचं पत्र शरद ऋतूत आलं. ‘निर्णय पूर्णतः अर्जदाराच्या बाजूने,’ असं पहिल्याच ओळीत होतं. वेंडेलने बंद पाकीट तोलून ‘नकार’ असं आधीच जाहीर केलं होतं. रोझलीने दोनदा वाचलं, डोळे पुसले, आणि कामावरून आल्या आल्या पहिल्यांदाच खुर्चीवर बसली. लेस्टर मात्र पत्र घेऊन खिडकीशी गेला. पुढून वाचलं, मागून वाचलं, उजेडात धरलं.

"आता काय शोधतोयस?" रोझलीने विचारलं.

"परंतु."

"काय?"

"यांचं पत्र ‘परंतु’शिवाय येत नाही. आहे कुठेतरी. लपवलाय."

तिने त्याला सोडून दिलं आणि कॉफी टाकली. कॉफी उकळेपर्यंत शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरात त्याला तो सापडलाच: ‘परंतु काही वर्षांनी अर्जदाराच्या प्रकृतीचा फेरआढावा घेण्यात येईल.’

"सापडला!" लेस्टर ओरडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा निवळला. म्हणजे पत्र खरं होतं. तो सोफ्यावर आडवा झाला, पत्र छातीवर ठेवलं, आणि भर दुपारी घोरायला लागला. मागच्या खोलीतून मार्विनने त्याला साथ दिली.